सय नावाचा फोन

माघाची सकाळ पाचगणीच्या पठारावर अनवाणी उतरते. दवाने भिजलेल्या पिवळ्या गवतावरून, लाल जांभ्याच्या कातळावरून, सिल्व्हर ओकच्या उंच रुपेरी रांगांमधून ती हलकेच पुढे सरकते. आणि सगळ्यात शेवटी, दरीच्या काठावरच्या एका बसक्या, कौलारू घराच्या व्हरांड्यात येऊन टेकते. तिथे वेताच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी असतात. एकीवर ऊन बसतं. दुसरीवर कुमुदिनीबाई.

उन्हाच्या खुर्चीवर कार्तिकापर्यंत माणूस बसायचा.

वामनराव पोतनीस आयुष्यभर वस्तूंची स्वप्नं पाहत आले. घरोघरी लागणाऱ्या साध्यासुध्या वस्तूंची. घड्याळं, दिवे, रेडिओ, फोन. कंपन्यांसाठी ते त्यांची नवी रूपं कल्पायचे, शिवणीच्या लाकडात कोरायचे, रंगवायचे, आरशासारखी चकचकीत करायचे. मागच्या खोलीतल्या फळ्यांवर ती रूपं अजून आहेत. पहाट होताच पाकळी पाकळी उलगडणारं कमळघड्याळ. जितका वर उचलावा तितका मोठ्याने गाणारा, भोपळ्याच्या घाटाचा रेडिओ. पानाच्या विड्यासारखा दुमडून खिशात ठेवायचा फोन. दिवसभराचं ऊन पिऊन तिन्हीसांजेला ते ओंजळ ओंजळ परत देणारा घागरदिवा. निळी, हळदी, शेंदरी, जांभळी. गुळगुळीत, गोमटी, गप्प.

गप्प, कारण त्यांतलं एकही चालत नव्हतं. ना आत तार, ना सेल. ती नुसती रूपं होती. हातात घेऊन बघण्यासाठी, मनात धरून ठेवण्यासाठी.

“मग साहेबांना कसं दाखवता, बाबा?” लहानग्या शलाकाने एकदा विचारलं होतं.

“नाटक करायचं. दिवा टेबलावर, मी पडद्याआड. साहेबांनी टाळी वाजवली की मी आडून बटण दाबतो. दिव्याला वाटतं, आपणच उजळलो.”

“आणि साहेबांना?”

“साहेब दिव्यापेक्षा भोळे असतात गं.”

त्यांचं शेवटचं रूप दगडात होतं. शंखजिऱ्याचा एक राखाडी, मऊ, मुठीएवढा गोटा. नाव ठेवलं होतं, सय. दूर देशी कुणी आठवण काढली की इकडे हातात ऊबदार होणारा फोन. काचबिंदूने कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांतला उजेड कडेकडेने कुरतडत आणला होता. आकडे गेले, अक्षरं गेली, मग चेहरे गेले. जिला काही दिसत नाही तिला फोनचा पडदा काय कामाचा, या एका विचारातून सय जन्मली. कंपनीतल्या साहेबाने तो गोटा हातावर झेलून पाहिला आणि हसून परत केला. “पडदा नाही, आवाज नाही, बटण नाही. पोतनीस, हा फोन आहे की लोणच्यावर ठेवायचा दगड?”

वामनरावांनी तो घरी आणला. बायकोच्या तळहातावर ठेवला. “यात शलूची आठवण येते,” एवढंच म्हणाले.

आणि आठवण येत राहिली. रोज सकाळी, ऊन व्हरांड्यात टेकलं की, येत राहिली. पावसाळी, धुकाळ, दातखिळी बसवणाऱ्या सकाळींनाही येत राहिली. सिंगापूरहून शलाकाचा फोन आला की कुमुदिनीबाई म्हणायच्या, “आली हं सकाळी तुझी आठवण.” आणि शलाकाला वाटायचं, आई आपली बोलण्याची रीत म्हणून बोलते आहे. ती हसायची, घाईत असायची, ठेवायची.

मग कार्तिकात वामनराव गेले. शलाका आली, राहिली. आणि दगड गार पडला.

घरात दोन बायका आणि एक शांतता. आई जेवायची, पण मोजके घास. बोलायची, पण हो आणि नाही. गोटा मात्र मुठीतून सुटत नव्हता. शलाकाला आधी ते बाबांचं दुःख वाटलं. पण दुःखाची पाठ अशी वळलेली नसते. आई तिच्याकडे पाठ करून बसू लागली होती; आंधळ्या माणसाने पाठ करावी, याला काय म्हणावं?

एका सकाळी ते आईच्या ओठांवर आलंच.

“शलू, माझं काही चुकलं का गं?”

“असं काय विचारतेस?”

“दूर होतीस तेव्हा रोज तुझी आठवण यायची. आता एका घरात आहोत, पाटाला पाट लावून जेवतो, आणि हे बघ. गार.” तिने गोटा पुढे केला. “हे रात्री चार्जिंगला लावायचे. तूही लाव ना. का लावूनही येत नाही?”

शलाका गोटा घेऊन मागच्या खोलीत गेली. खिडकीशी धरून तिने तो फिरवला, नखाने चाचपला, कानाशी हलवला. कुठे सांधा नाही. कुठे झाकण नाही. आरपार, अखंड, आदिम दगड. भोवतीच्या फळ्यांवर कमळघड्याळ मिटलेलं होतं, भोपळा मुका होता, घागर रिकामी होती. आणि दाराआडच्या खुंटीवर बाबांचा तपकिरी स्वेटर लोंबत होता.

त्याचा उजवा खिसा ओघळला होता. वीण सैल होऊन, ताणून, फुगून त्याला एक गोल पोट सुटलं होतं. शलाकाने गोटा त्यात सोडला. तो पाळण्यात मूल निजावं तसा निजला.

व्हिडिओ कॉलवरच्या चित्रात बाबांचा उजवा हात कधी दिसायचाच नाही. “काय हे, सदा खिशात हात! साहेब झालात का?” ती चिडवायची. “थंडी आहे गं,” ते म्हणायचे. वैशाखातसुद्धा म्हणायचे.

पडद्याआडचा माणूस शेवटपर्यंत पडद्याआडच राहिला होता. तिच्या वाटची आठवण तो स्वतःच्या रक्ताने तापवत होता, आणि तिच्या नावाने पोचती करत होता.

तिला वाटलं, नाटक चालू ठेवावं. सोपं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पातेल्यात पाणी उकळलं, गोटा त्यात बुडवला, पुसला, लगबगीने आईच्या हातावर ठेवला.

“अगं आई गं!” गोटा फरशीवर गडगडला. कुमुदिनीबाई तळहातावर फुंकर घालत होत्या. चेहरा लहान मुलीसारखा भेदरला होता. “एवढी रागावलीस माझ्यावर?”

शलाकाने गोटा उचलला. उन्हाच्या खुर्चीवर, जिथे ती अजून एकदाही बसली नव्हती, तिथे ती बसली. खरं सांगितलं तर आईच्या सगळ्या सकाळी आपल्या नावावरून उतरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि न सांगता राहिलं तर बाबा कायमचे पडद्याआड. दरीतून वारा आला, सिल्व्हर ओकची पानं पालथी करून गेला, हिरवं रुपेरी झालं, रुपेरी पुन्हा हिरवं.

“आई, हा नुसता दगड आहे. यात काही नाही. बाबा तो खिशात धरून बसायचे. मुठीत. तापला की तुला द्यायचे.”

कुमुदिनीबाईंनी फुंकर घालणं थांबवलं.

“मी काढत नव्हते रोज आठवण. कधी कधी काढायचे. कधी आठवडा जायचा.”



“म्हणजे हे,” आई म्हणाली, “इथे बसून. माझ्या शेजारी.”

“हो.”

“आणि मी ह्यांनाच टोमणे मारायचे. ‘बघा, पोरगी समुद्रापलीकडून आठवण काढते. नाही तर तुम्ही! शेजारी बसून कधी काढली का माझी?’”

“मग? काय म्हणायचे?”

“काय म्हणणार? ‘चहा निवतोय’ म्हणायचे.”

आणि ती हसली.  हात चाचपत पुढे आला. गोटा नाही, शलाकाचं मनगट त्याने शोधलं आणि घट्ट धरलं.

“तुझं खरं आहे गं. रोज कोण काढतं आठवण? मीसुद्धा तुझी रोज नाही काढली.” मग हलक्या आवाजात, जवळजवळ लाजून, “ह्यांनी मात्र माझी काढली. हो ना?”

“हो, आई. रोज.”

कार्तिकापासून कोरडे राहिलेले ते डोळे तिने उन्हाकडे वळवले. समोर कृष्णेचं खोरं पसरलं होतं. निळसर डोंगर, नदीची तलम रेघोटी, शेतांचे हिरवे चौकोन, आणि खूप उंचावर, एकाच जागी, पंख पसरून थबकलेली एक घार. न दिसणाऱ्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरलं. त्या पाण्यात शलाकाला ते सगळं दिसलं. डोंगर, नदी, शेतं, घार. उलटं, इवलंसं, झळझळीत. क्षणभर सगळी दरी त्या काठावर उभी राहिली. मग पापणी लवली, आणि दरी ओघळली.