हॉल्गर पाइप शोधतोय

मला आधी एक सांगू द्या, मी चोर नाही. फॉबोर्गच्या पोस्टात एकतीस वर्षं काढली, पण कुणाच्या पाकिटाला नखसुद्धा लावलं नाही. मात्र तंबाखूचा पाइप म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हेही तितकंच खरं. माझ्याकडे काचेच्या दोन कपाटांत मिळून एकशे चौदा पाइप आहेत. रोज दुपारी जेवण झालं की त्यातले तीन काढायचे, फडक्याने पुसायचे, एक भरून ओढायचा आणि बाकीचे दोन परत ठेवायचे, हा माझा नेम. बायको होती तेव्हा म्हणायची, "आयनार, माझ्याकडे कधी एवढ्या मायेने बघितलंयस का रे?" मी म्हणायचो, "तुला रोज पुसावं लागत नाही ना." की आलंच ओलं फडकं अंगावर.

हॉल्गरकडे पाइप तीनच. तो होड्या बांधणारा सुतार, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. दोन पाइप असेतसेच होते, पण तिसऱ्यावर माझा डोळा होता. तो आमच्या बंदरावरच्या ओलुफ म्हाताऱ्याने कोरलेला होता. ओलुफने उभ्या आयुष्यात पन्नासेक पाइप केले असतील, आणि त्यातला हा एकच असा, की लाकडाच्या रेषा तळापासून काठापर्यंत सरळ चढलेल्या, एकही वाकडी नाही. आणि हा गडी तो पाइप रंगाच्या हाताने ओढायचा, त्याने खिळे ठोकायचा, पावसात तसाच खिशात कोंबायचा! मी अकरा वर्षं त्याच्या मागे लागलो होतो.

"विक रे मला."

"मी मेलो की बघू."

"मग मर की लवकर."

यावर दोघंही हसायचो. आता ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

आमचं पाइपवाल्यांचं मंडळ तंबाखूच्या दुकानामागच्या खोलीत जमतं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी वर्षाची स्पर्धा असते. घाईगर्दीच्या माणसाने तिकडे फिरकूच नये. प्रत्येकाला मोजून तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या आणि पेटवायला एक मिनिट मिळतं. मग काडी मागायची नाही. ज्याचा पाइप सगळ्यात शेवटी विझेल, तो जिंकला. त्या रविवारी शेवटी आम्ही दोघंच उरलो, समोरासमोर. हॉल्गर नेहमीसारखा डोळे अर्धवट मिटून, कोपर टेबलावर टेकून, पाइप दातात धरून बसलेला. तंबाखूच्या भांड्यातून धुराची बारीक रेघ वर जात होती. एक तास बावीस मिनिटांनी माझा विझला. मी चांगल्या दोन शिव्या घातल्या. अध्यक्ष प्रेबेन हातातलं घड्याळ वर करून ओरडला, "हॉल्गर जिंकला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉल्गर काही उठला नाही.

"अरे, ऊठ की! भाव काय खातोयस?" प्रेबेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला.

डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झालाय.

पाइप न ओढता ठेवला की दोन-तीन मिनिटांत विझतो. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अर्धा तास तो पाइप कोण ओढत होतं, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. माणसं खुर्च्या सारत होती, कुणी रडत होतं, कुणी इंगेबोर्गला, त्याच्या बायकोला, फोन लावत होतं. त्याच्या दातांतून पाइप मी काढला. तो गरम होता. मी तो माझ्या कोटाच्या आतल्या खिशात घातला. स्वतःला म्हटलं, कुठे पडायला नको, नंतर देऊ. सगळ्यांना वाटलं, त्याच्या कपड्यांबरोबर घरी गेला असेल.

नंतर मी तो दिला नाही. दफनाच्या दिवशी तो माझ्या टेबलावर होता. मग मी जुन्या पाइपचं करतो तेच केलं. भांड्यातला जळका थर खरवडला, मीठ भरलं, वर स्पिरिट ओतून रात्रभर ठेवलं. नळीतून कापसाच्या काड्या फिरवल्या, पांढऱ्या निघेपर्यंत. दातात धरायच्या टोकावर डाव्या बाजूला एक खळगा होता. हॉल्गरचा तिथला दात अर्धा तुटलेला होता आणि तीस वर्षं तो त्याच जागी रुतत आला होता. तो खळगा मी काळी लांबी भरून बुजवला, घासला, पॉलिश केला. खरं सांगतो, असं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही. पाइप नवाकोरा दिसायला लागला. मी तो कपाटात मागच्या रांगेत ठेवला आणि दिवसातून चारचारदा जाऊन पाहू लागलो.

तीन आठवड्यांनी इंगेबोर्गचा फोन आला. "आयनार, साडेतीनला कॉफीला ये. आणि चेष्टा करणार असशील तर येऊ नकोस."

ती निम्मी झाली होती. तिने वेलचीचा पाव कापला, पण स्वतः खाल्ला नाही. आम्ही मुलीबद्दल बोललो. लोनेने ऑरहूस शहरात आईसाठी खोली तयार केली होती, खाली बाग, वर नातवंडं. "मग जात का नाहीस?" मी म्हटलं.

"थांब. चार वाजू देत."

चार वाजले. आधी मला काहीच कळलं नाही. मग दाराजवळ आवाज आला, कापडावर पंजा आपटल्याचा. थप, थप. वरचे खिसे. थप, थप. खालचे. पाइप ओढणारा कुठलाही माणूस दिवसातून दहादा हेच करतो, मीही करतो. मग बैठकीतल्या कपाटाचा खण उघडला. त्यातल्या वस्तू खडखडल्या. खण बंद झाला आणि दुसरा उघडला. तिथे कुणी नव्हतं. मी हातातला कप खाली ठेवला.

"रोज असंच चालतं," इंगेबोर्ग हळूच म्हणाली. "तास-दीड तास. मी म्हटलं, 'अहो, सापडेल, बसा जरा.' ऐकत नाहीत. आयुष्यात कधी ऐकलंय का माझं, ते आता ऐकतील?" तिने हसायचा प्रयत्न केला आणि ते तिला जमलं नाही. "मला भीती नाही वाटत रे. चाळीस वर्षं संसार केलाय, त्यांना काय घाबरायचं? पण मी ऑरहूसला जायचं आणि यांनी इथे रिकाम्या घरात एकट्याने शोधत बसायचं? माझा पाय कसा निघेल, तूच सांग."

पावाचा तुकडा तोंडात तसाच राहिला.

"मंडळात कुणी पाहिला असेल का पाइप?" तिने विचारलं.

"विचारतो," मी म्हणालो. नालायकपणाची हद्द झाली, पण म्हणालो.

त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. सकाळी पाइप कपाटातून काढताना माझा हात मागे मागे येत होता. लाज वाटेल असं सांगतो, मित्रासाठी मला जेवढं वाईट वाटलं, तेवढंच त्या लाकडाच्या रेषांसाठी वाटलं. पण साडेतीनला मी तिच्या दारात होतो.

"मंडळाच्या खोलीतल्या बाकामागे पडला होता," मी म्हणालो.

इंगेबोर्गने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. मग डोळे पुसून तिने खिडकीजवळचं त्याचं छोटं टेबल साफ केलं आणि पाइप मधोमध ठेवला. शेजारी काड्यांची पेटी ठेवली. तिने झगासुद्धा बदलला, निळा घातला. "आज निरोप द्यायचा," म्हणाली. आम्ही दोघं सोफ्यावर शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसलो.

चार वाजता दाराजवळ थप, थप झालं. मग आवाज थांबला. जमिनीच्या लाकडी फळ्या एकेक करून खिडकीपर्यंत कुरकुरल्या. इंगेबोर्गने माझं मनगट पकडलं. टेबलावरचा पाइप हलला, तिरका झाला, आणि टक् असा बारीक आवाज आला, दात टोकावर बसल्याचा. मी देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी नाताळातच घेतो.

पुन्हा टक्. जरा बाजूला. पुन्हा टक्.

मग पाइप टेबलावर आडवा पडला. आणि बैठकीतला खण धाडकन उघडला, आजवर कधी उघडला नव्हता इतक्या जोरात. मग दुसरा, मग स्वयंपाकघरातले सगळे. चमचे जमिनीवर सांडले.

इंगेबोर्ग उठली. तिने पाइप उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठा टोकावरून फिरवला. एकदा, दोनदा.

"इथे खळगा होता."

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"त्यांचा दात बसायचा इथे. अंधारातसुद्धा पाइप बरोबर तोंडात जायचा." तिने माझ्याकडे पाहिलं. "बाकामागे पडलेला पाइप एवढा चकचकीत, आयनार?"

"मीच काढला त्याच्या तोंडातून," मी म्हणालो. "आणि खिशात घातला. मला हवा होता म्हणून. मग साफ केला. सगळं साफ केलं, इंगेबोर्ग. मला माफ कर."

तिने माझ्या थोबाडीत मारली. म्हातारीचा हात, पण कानात गुंई झालं. मग ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाइप नेलास ते मी एक वेळ विसरले असते रे. पण आता तो तोंडात घेऊनही त्यांना ओळखू येत नाही. मरेपर्यंत मला इथेच बसायचंय का?"

त्या प्रश्नाने मला जे झालं ते थोबाडीत खाऊनही झालं नव्हतं. बाईने उमर काढली त्या माणसामागे, आता नातवंडांत चार वर्षं मिळणार होती, आणि ती मी एका डबीभर पॉलिशसाठी घालवली होती. मी उठलो. स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आत खण उघडत होते, मिटत होते.

"हॉल्गर," मी म्हणालो. आवाज फाटला, पुन्हा म्हणालो. "हॉल्गर, अरे मी आयनार. चोरी मी केलीय. तुझा पाइप माझ्या टेबलावर मेला. इथे काही सापडायचं नाही तुला, उगाच बायकोच्या वस्तू उचकू नकोस. माझ्या घरी चल. तिथे एकशे चौदा आहेत, हा धरून एकशे पंधरा. एकेक तोंडात घालून बघ. लागेल तेवढा वेळ घे, मी कुठे जात नाही. पण हिला जाऊ दे, गड्या."

अर्धा उघडलेला खण तसाच राहिला. घरात इतकी शांतता झाली की शेजारच्या अंगणातलं कोंबडं ऐकू आलं.

मी पाइप उचलला, टोपी घातली. इंगेबोर्गच्या दारात मी जरा बाजूला सरून उभा राहिलो, पाहुण्याला आधी जाऊ द्यावं तसा, आणि मग दार लावलं. बंदराकडून येताना प्रेबेन भेटला. "एकटाच का रे?" म्हणाला. मी हो म्हटलं. घरी कुलूप काढलं तेव्हाही बाजूला सरलो.

शनिवारी लोनेचा नवरा गाडी घेऊन आला आणि इंगेबोर्गला घेऊन गेला. मी खोकी उचलायला गेलो होतो. ती माझ्याशी बोलली नाही, पण निघताना तिने माझ्या कोटाची कॉलर नीट केली.

महिन्याभराने तिचा फोन आला, दुपारचा. आवाज ओळखू आला नाही इतका हलका होता. धाकट्या नातीला दात आला होता, बागेत सफरचंदाचं झाड होतं, गुडघ्याचं दुखणं कमी होतं. "मला आता रात्री सलग झोप लागते, आयनार," ती म्हणाली. मग थांबली. "माझ्या घरी त्या दिवसानंतर काहीच झालं नाही. ते... निवांत झाले असतील ना रे?"

"झाला," मी म्हणालो. "अगदी निवांत झाला. तू नातवंडं सांभाळ."

"खरं सांगतोस?"

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. माझ्या पाठीमागे काचेच्या कपाटाचं दार सावकाश उघडलं, आणि इंगेबोर्गला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोनवर जरा मोठ्याने बोलायला लागलो.