तिरका टाका

टी-शर्टाच्या कापडातला एकेक टाका कसा वळतो, किती उंच नि किती रुंद बसतो, याचं सूत्र श्रीपाद सरांनी बारा वर्षं घासूनपुसून बसवलं होतं. नांदेडच्या त्यांच्या कॉलेजात ते सूत्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! नवी पोरं आली की सर ठिबकची नळी वाकवून मोठाले टाके करून दाखवायचे. एका वेटोळ्यात दुसरं अडकवलं की झालं कापड, डावी-उजवी बाजू अगदी सारखी.

फक्त प्रयोगशाळेत धुतलेले खरे नमुने वाळले की हटकून तिरके व्हायचे. "रामकिशन, कापड धुतोस की कुस्ती खेळतोस?" सर खेकसायचे. मदतनीस रामकिशन बिचारा मुकाट्यानं पुन्हा धुवायला घ्यायचा.

यंदा शेवटच्या वर्षाची शिवकन्या लोह्याहून बैलाचा कासरा घेऊन आली. अंबाडीचा, तिच्या वडिलांनी हातानं वळलेला. परीक्षेच्या दोन दिवस आधी तिनं टेबलावर वीतभर उंचीचे टाके गुंफले आणि सगळेच्या सगळे उजवीकडं कलले.

"हे काय गं? सरळ कर."

"लई दाबून बघितलं सर. हात काढला की पुन्हा कलून राहिलं."

"मग नळी घे ना! परवा लातूरच्या देविका मॅडम येणार परीक्षक म्हणून. माझं नाक कापायचंय का?"

"सर, नळीला पीळ न्हाई. सुताला हाय."

सर लालबुंद झाले. काल आलेली पोर आपल्या सूत्राला नख लावते म्हणजे काय! "कासरा मांडलास तर तुझ्या प्रकल्पावर माझी सही नाही," असं बजावून ते तरातरा निघून गेले. सही नाही म्हणजे वर्ष वाया, हे दोघांनाही ठाऊक होतं.

परीक्षेला टेबलावर नळी नव्हतीच. कासरे होते, तेही दोन.

"ह्यो नेहमीच्या पिळाचा," शिवकन्या मॅडमना सांगू लागली. "ह्यो उलट्या पिळाचा. बाबा म्हणले, असला उलटा कारभार कशापायी? पण दिला वळून."

तिनं दोन्ही विणी ताणून धरणारे खिळे काढले. पहिली उजवीकडं कलली. दुसरी डावीकडं.

सर खुर्चीतून पुढं वाकले. अरे देवा! बिनपिळाची नळी वाकवून आपण पिळाच्या सुताचं गणित मांडलं, आणि बोलणी खाल्ली रामकिशननं.

मॅडमनी चष्मा वर केला. "तुमच्या सरांचं सूत्र तर टाका सरळ येईल म्हणतं. मग चुकलं काय?"

शिवकन्येनं सरांकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "मॅडम, कासराच जरा जुना हाय..."

पोरगी आपल्याला झाकतेय!

"खोटं बोलू नकोस," ते उठलेच. "कासरा ठणठणीत आहे मॅडम. चुकलो मी, बारा वर्षं चुकलो." प्रकल्पाची वही ओढून त्यांनी ठसठशीत सही केली, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं सूत्र मोडणारी ही पोर माझी विद्यार्थिनी आहे, मॅडम. तेवढं आवर्जून लिहा."