उशाखालची टोपी

हळूभाऊ हे नाव त्याला कारखान्यानं दिलं. सुरुंगाच्या कांड्या भरण्याचं काम; सगळा दिवस नायट्रोग्लिसरीनच्या तेलकट, गोडसर वासात. जरा धक्का लागला तर सगळ्यांचाच निकाल, म्हणून तिथं तो साधा डबासुद्धा अलगद ठेवी. घरी मात्र दारं आपटायचा. अंगातला हळूपणा तिकडेच संपत असावा.

त्या तेलाची आणखी एक खोड होती. ते कातडीतून, श्वासातून अंगात शिरे आणि डोकं फुटायची पाळी आणी. रोजची सवय झाली की त्रास थांबायचा, पण सुट्टीत सवय मोडली की कामावर परतल्यावर पुन्हा तेच. जुन्या कामगारांनी यावर तोडगा काढला होता. कामाची टोपी गुपचूप घरी न्यायची आणि सुट्टीभर उशाखाली ठेवायची.

हळूभाऊचं डोकं त्यामुळे शाबूत राहिलं. दुखायचं ते बायकोचं, आणि नेमकं सुट्टीच्या दिवशी.

"नवरा घरी असला की दुखतं, माहेरी गेली की ठणठणीत. सोंग आहे सगळं," असं तो चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे. सुरुवातीला ती भांडली. मग चष्मा झाला, गोळ्या झाल्या, आणि शेवटी तिनं दुखतंय म्हणून सांगणंच सोडून दिलं.

कारखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. बोलता बोलता टोपीचा विषय निघाला, तेव्हा यानं मोठ्या हुशारीनं तोडगा सांगितला. बाई हसल्या नाहीत. घरात कुणाचं डोकं दुखतं का, एवढंच त्यांनी विचारलं. त्याला बायकोच्या गोळ्या आठवल्या.

पुढच्या सुट्टीत टोपी कारखान्यातच राहिली. बायको दिवसभर काहीतरी गुणगुणत होती, आणि ते ऐकून त्याला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून भिंत धरत घरी आला. ती काही न विचारता उशाशी बसून त्याचं कपाळ दाबू लागली. त्याला लाज सोसवेना. डोळे मिटूनच त्यानं टोपीचं सगळं सांगून टाकलं.

तिचा हात थांबला. आता ही फाडून खाणार, आणि खाल्लं तर बरंच, असं त्याला वाटलं.

"म्हणजे माझं खरंच दुखत होतं," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, मी सोंगच करते."

मग ती पुन्हा कपाळ दाबू लागली, अगदी हळू.