सरूआजीच्या ओट्यावरचा लेखक

पडघ्याच्या गोदामात सोनलचा आवाज चालतो. हायवेला लागून असलेल्या त्या अवाढव्य पत्र्याच्या शेडमधून कुणाच्या चपला, कुणाचे मिक्सर, कुणाचे पडदे खोक्यांत भरून देशभर जातात, आणि पहिल्या शिफ्टची सुपरवायझर म्हणून या सगळ्यावर तिची नजर असते. "अरे भाई, काच का सामान है, नारियल नहीं!" असं ती ओरडली की दांडगे हमालसुद्धा खोकं बाळंतिणीच्या बाळासारखं उचलतात. तर अशी ही बाई, पन्नाशीला टेकलेली, टेमघरला घरी आली की चहा ठेवते, पाय वर घेऊन बसते आणि लहान मुलांच्या कादंबऱ्या वाचते. वाचते म्हणजे पुन्हा वाचते. पाठ असलेल्या गोष्टीत पुढे काय होणार म्हणून हिचा जीव टांगणीला लागतो, आणि शेजारच्या खोलीतून नवरा विचारतो, "काय गं, सापडला का तो मुलगा? गेल्या वर्षी तर सापडला होता."

नवऱ्याचं नाव रवींद्र. त्याचं पाट्या बनवायचं दुकान आहे. दारावरच्या नावाच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, दगडात कोरलेली अक्षरं, सगळं. स्वभावाने गरीब, पण जिभेला हाड नाही. सुट्टीत लोक बायकोला महाबळेश्वरला नेतात. याला बायको लेखकांची घरं बघायला नेते.

त्या घरांची कथा काय सांगावी! एका थोर लेखकाच्या घराच्या जागी पार्किंग निघालं. दुसऱ्याच्या माडीवर इंग्रजी बोलायचे क्लास होते, आणि शिकवणाऱ्या बाईंना वाटलं की ही दोघं ॲडमिशन घ्यायला आलीत. तिसऱ्या ठिकाणी खुद्द लेखकाच्या नातवाने दार उघडलं आणि डोकं खाजवत विचारलं, "आजोबा? लिहायचे? नक्की आमचेच?" दर वेळी परतीच्या वाटेवर सोनलचं तोंड उतरायचं, आणि रवींद्रसुद्धा तेवढा वेळ चेष्टा आवरायचा.

म्हणून दिघाशीचं घर म्हणजे तिचा जीव की प्राण.

तिच्या वडिलांचा नेम होता, भीमजयंतीला मुलांना नव्या कपड्यांबरोबर एक पुस्तक घ्यायचं. सोनल पाचवीत असताना तिच्या वाट्याला 'पळसपानाची होडी' आली. लेखक, त्र्यंबक दिघाशीकर. बाप शहरात कापडाच्या लूमवर कामाला गेलाय, परत आलेला नाही. म्हणून बाबू आणि त्याची बहीण सुंद्री एका फुटक्या होडीतून, सोबत एक आंधळी कोंबडी घेऊन, नदीने बापाला शोधायला निघतात. कोंबडीचं नाव राणीसरकार. ते पुस्तक खाकी कव्हर घालून सोनलने आजवर जपलं. कुणाला वाचायला देणं तर सोडाच, रवींद्रने हात लावला तरी ती आधी हात धुवायला सांगते.

आता दिघाशीकर म्हणजे दिघाशीचे, यात विचारायचं काय? पुस्तकात कारवीच्या कुडाचं घर आहे आणि ओट्याशेजारी वाकडी चिंच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी भर उन्हात सोनल दिघाशीच्या पाड्यावर पोचली, तर समोर कारवीचं घर, ओटा आणि चिंच. चिंच चांगलीच वाकडी. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तीच सरूआजी.

"आजी, लेखक दिघाशीकरांचं घर हेच ना?"

सरूआजीने मान वर करून पाहिलं. चेहरा लालबुंद, ओढणी घामाने भिजलेली, पायरीवर एक पाय ठेवून उभी असलेली शहरातली बाई. पायरीचा दगड तिच्या पायाखाली डुगडुगत होता.

"हाय," सरूआजी म्हणाली. "ये बाय, बस. आदी पानी पी."

"इथेच बसून लिहायचे का?"

"हाय."

"आत, त्या कोपऱ्यात?"

"हां, त्याच कोपऱ्यात."

त्या कोपऱ्यात शेणाने सारवलेली भाताची कणगी होती. सोनलने डोळे भरून कोपरा पाहिला आणि वाकून नमस्कार केला. सरूआजी मनातून खूश झाली. शहरातल्या बाईला धान्याच्या पाया पडायचं कळतं, म्हणजे पोर चांगल्या घरची.

परतताना रवींद्र म्हणाला, "कोपऱ्यात कणगी आहे. लेखक काय भातात बसून लिहायचे?"

"तुम्हाला भावनाच नाहीत," सोनल म्हणाली, आणि विषय संपला.

त्याच दिवशी तिने ओट्यावर बसून पुस्तकाचं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचलं होतं. लेखकाच्या घरी त्याचं पुस्तक वाचावं, एवढीच हौस. मग तो नेमच झाला. वर्षातून तीन-चार वेळा सुट्टीच्या दिवशी यायचं, डुगडुगत्या पायरीवर हमखास अडखळायचं, सरूआजीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायची आणि एक प्रकरण वाचायचं. सरूआजी आणि तिचा मुलगा जानू ऐकायला बसायचे. जानू शेती करायचा, शेती नसेल तेव्हा मजुरीला जायचा. ज्या दिवशी सोनल येणार त्या दिवशी तो मजुरीला जात नसे, हे तिला कितीतरी उशिरा कळलं. हळूहळू आजूबाजूच्या घरांतली माणसंही येऊन टेकू लागली. राणीसरकार नदीत पडली तेव्हा पाड्यावर दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला.

आता पुस्तकाचं फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं, आणि नेमकी दिघाशीकरांची जन्मशताब्दी आली. सोनलने ठरवलं, घरावर पाटी लावायची. सगळी घरं हातची गेली, हे एक तरी दगडात कोरून ठेवायचं. आपण गेल्यावरही कुणी पोर पुस्तक छातीशी धरून इथे येईल, तर तिला पार्किंग दिसू नये. रवींद्रने काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरली, तीही चेष्टा न करता: 'थोर बालसाहित्यिक त्र्यंबक दिघाशीकर दिघाशीच्या या घरात राहत होते.' प्रकाशकाकडून लेखकाच्या मुलीचा नंबर मिळाला. मृणालीताई नाशिकला असायच्या. फोनवर त्या म्हणाल्या, "दिघाशीला? बरं झालं बोलावलंत, मला एकदा ते गाव बघायचंच आहे." आनंदाच्या भरात सोनलला त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही.

पाटी लावायच्या आदल्या दिवशी जानूचा फोन आला. "ताई, पाटी... म्हंजे, लावायलाच पायजेल काय?"

"अरे, लाजतोस काय? तुमच्या घराचा मान आहे!"

"न्हाय, म्हंजे... जाऊं दे. आई सांगंल."

रविवारी सोनलच्या विहारातल्या वाचनकट्ट्याची मंडळी टेम्पोत बसून निघाली. पुढे केसरीनाथ सर, निवृत्त मुख्याध्यापक, सोनलबरोबर आधी दोनदा इथे येऊन गेलेले, हातात झेंडूचा हार. मागे ग्रॅनाइटची पाटी गोधडीत गुंडाळलेली, तिला धरून रवींद्र. पाड्यावर अंगण सारवून ठेवलं होतं, पण सरूआजी पाटी बघून नुसती कणगीपाशी जाऊन उभी राहिली.

मृणालीताई गाडीतून उतरल्या. साठी ओलांडलेल्या, हसऱ्या बाई. सगळ्यांना हात जोडले, चिंचेकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि कौतुकाने विचारलं, "किती छान घर आहे! कुणाचं?"

सोनल हसली. "ताई, तुमचंच की! बाबांचं."

"बाबांचं?" मृणालीताई गोंधळल्या. "बाबा दिघाशीला कधी आलेच नाहीत. गाव सोडलं ते आजोबांनी. ही चिंच, हे घर, बाबांनी सगळं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. आम्ही राहायचो टेमघरला. लूमच्या मागे भाड्याची खोली होती. खटखट अशी की लूम बंद पडले की बाबांना झोप लागायची नाही."

मग रवींद्रने हळूच विचारलं, "टेमघरला कुठे?" मृणालीताईंनी खूण सांगितली. रवींद्रने कपाळाला हात लावला. "म्हणजे आपल्या दूध डेअरीच्या मागे! तिथे आता चिंध्यांचं गोदाम आहे. सोनल, काखेत कळसा आणि गावाला वळसा! पिशवी घेऊन रोज त्या दारावरून जातेस तू!"

"थांबा जरा," केसरीनाथ सर हातातल्या हाराकडे बघत म्हणाले. "मागच्या दोन्ही वेळी मी त्या कोपऱ्याला हार घातला, तो कशाला घातला?"

"कणगीला," रवींद्र म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. सोनल हसली नाही. इतकी वर्षं ती या मातीला नमस्कार करत होती. वाचनकट्ट्यावर छाती पुढे काढून सांगत होती. हेही घर गेलंच शेवटी, आणि बाकीची नुसती गेली, याने तर आधी हसं केलं.

"आजी," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही मला खोटं सांगितलंत?"

जानूने मान खाली घातली. सरूआजी मात्र पुढे आली आणि सोनलच्या समोर उभी राहिली.

"बोल्ली खोटं," ती म्हणाली. "उंबऱ्यावर आलेल्या मानसाला आमी न्हाय म्हनत न्हाय. तू उन्हाची आलती, तोंड कसं जालतं तुजं! न्हाय बोल्ली असती तर पानी न पिता गेली असती. आदी पानी पिऊं दे, मंग सांगू, असा इचार केला. पन तू लगेच पुस्तक काढलंस."

"मग नंतर सांगायचं! पुढच्या वेळी!"

"कसं सांगनार?" सरूआजीचा आवाज चढला. "त्या पोरांची होडी बांधाला अडकवून तू निघून गेली! पोरं पान्यात, रात पडलेली, नि बाप कुटं पत्त्या न्हाय. तुला सांगितलं, ह्ये तुज्या लेखकाचं घर न्हाय, तर तू येनार व्हती काय परत? मंग त्या पोरांचं काय जालं, ते आमाला कोन वाचून दावनार?"

सोनलचा हात पिशवीतल्या पुस्तकावर गेला.

"दर खेपंला तू येक गाठ सोडवायची नि दुसरी मारून जायची," सरूआजी म्हणाली. "आमी आपलं बसतो वाट बघत. भाताची आवनी करताना ह्यो जानू मना इचारतो, आई, बाप जित्ता असंल काय गं? म्या म्हनलं, असंल. बाय इल नि सांगंल."

जानू पुटपुटला, "मना वाटतंय असंल."

सोनलला आपले वडील आठवले. पाचवीतली ती स्वतः आठवली, जेवणाचं ताट बाजूला सारून हाच प्रश्न विचारणारी. वडील म्हणाले होते, वाच आणि मला सांग. राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने सरूआजीचे दोन्ही हात धरले आणि रडता रडता हसत सुटली.

मृणालीताईंनीही डोळे पुसले. "बाबांना जन्मभर एकच खंत होती," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, शहरात पुस्तक खपलं, पण ज्या गावाची गोष्ट, त्या गावात ते पोचलं नाही. आज असते तर याच ओट्यावर येऊन बसले असते." मग चिंचेकडे बघून त्यांनी विचारलं, "पण आजी, चिंच तर अगदी पुस्तकातलीच आहे!"

"गावात चिंचा रग्गड हाईत," सरूआजी म्हणाली. "सरल येक बी न्हाय."

आता प्रश्न उरला पाटीचा. केसरीनाथ सर म्हणाले, असत्य लिहिलेली पाटी लावता येणार नाही. रवींद्र म्हणाला, टेमघरच्या चिंध्यांच्या गोदामावर लावायला तो दुसरी कोरेल, मालक गिऱ्हाईकच आहे. सरूआजीने ग्रॅनाइटवरून हात फिरवला. "दगड ब्येस हाय. वाया कशाला घालवता?"

जानूने पहार आणली, रवींद्रने बाह्या वर केल्या. ओट्याची डुगडुगती पायरी उपटून त्यांनी तिथे काळा ग्रॅनाइट पालथा बसवला, अक्षरं मातीकडे. केसरीनाथ सरांनी हार पुन्हा कणगीलाच घातला. सवय झाली आहे, म्हणाले.

मग सोनल त्या नव्या पायरीवर बसली. पायरी जराही हलली नाही. समोर पाडा, वाचनकट्टा आणि लेखकाची मुलगी, सगळे एकाच अंगणात मांडी घालून बसले. तिने शेवटचं प्रकरण उघडलं. नदी रुंद झाली. पोरांना लांबून खटखट ऐकू येऊ लागली. सुंद्रीने विचारलं, दादा, हा आवाज कसला? बाबू म्हणाला, आपल्या बापाचा. होडी काठाला लागली. लूमच्या दारातून दिवसपाळीची माणसं बाहेर पडू लागली, आणि राणीसरकार, जिला काहीच दिसत नव्हतं, ती फडफडत एका माणसाच्या दिशेने...

सरूआजीचा हात पानावर येऊन पडला.

"थांब बाय. ऱ्हाऊं दे आता."

"आई!" जानू ओरडला.

"आजी, दोनच पानं राहिलीत!"

"ती पुडल्या खेपंला."

सोनलला कळलं. "आजी, मला आता खरं माहीत आहे. तरीही मी येणारच आहे. शप्पथ."

"येशील गं," सरूआजी म्हणाली. "पन पानं ऱ्हाऊं देत."

सोनलने पुस्तक मिटलं. खाकी कव्हरवरून हात फिरवला, पिशवीत ठेवायला म्हणून पिशवी उघडली आणि परत बंद केली. मग उठून आत गेली. त्या कोपऱ्यात कणगीच्या झाकणावर, झेंडूच्या हाराशेजारी, तिने 'पळसपानाची होडी' ठेवली आणि नेहमीसारखा वाकून नमस्कार केला.

रवींद्र दारात उभा होता. "अगं, हात न धुता कुणी लावला तर?"

"लावू देत," सोनल म्हणाली.