तपकिरीची बोटे

मी एक जुनी स्लाइड रूल आहे. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ झटकन काढून देणारी, इंजिनिअरांच्या हातातली सरकती पट्टी. माझे अंग जपानी बांबूचे, वर पांढरे सेल्युलॉइड आणि त्यावर कोरलेल्या केसासारख्या रेघा. मद्रासच्या खाऱ्या हवेत लाकडी पट्ट्या फुगून अडकतात. मी अडकत नाही. मित्रांनो, ही अभिमानाची गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढचे आठवले की मला अजून शिसारी येते.

मला माउंट रोडवरच्या दुकानातून दत्ताजींनी विकत घेतले. ते एग्मोरच्या रेल्वे कचेरीत कारकून होते. तंजावरकडचे मराठी घर, राहणे मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका बोळात. त्यांची मुलगी विद्युलता इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली. दत्ताजींनी मला घरी आणून तिच्या हातात ठेवले.

विद्युलतेचे हात स्वच्छ आणि चपळ होते. रोज संध्याकाळी ती माझ्या खाचेत चिमूटभर शंखजिरे घालायची, मऊ फडक्याने माझी आकडे वाचायची सरकती काच पुसायची. पूल आणि छपरे तिला वेड लावत. त्या वर्षांत मी सुखी होते.

शेवटच्या वर्षी सर्व्हेचे शिबिर आले. मुले तंबू घेऊन डोंगराकडे निघाली. विभागाचे प्राध्यापक सेतुमाधव तिला म्हणाले, "मुलींची तिथे सोय नाही. तू घरीच राहा."

"सर, मग माझे गुण?"

"बघू नंतर."

नंतर कोणी बघितले नाही. शिबिराच्या रकान्यात शून्य पडले, आणि त्या शून्याने तिची पदवी ओढत तिसऱ्या वर्गात नेऊन बसवली. शेजारी म्हणू लागले, "सांगितलं नव्हतं का, मुलींना हे झेपत नाही!"

तिला पुढे एम. ई. करायचे होते. पण दुसऱ्या वर्गाखालच्या उमेदवाराला प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागे. दत्ताजी घाबरट माणूस. ते म्हणाले, "सेतुमाधव आपल्यातलेच की गे. घरी जाऊन नमस्कार करूं. विचारण्यात काय जातें?"

डाळिंबांची करंडी घेऊन बापलेक त्यांच्या घरी गेले. मी तिच्या पिशवीत होते. सेतुमाधव झोपाळ्यावर बसून तपकीर ओढत होते. त्यांनी नाक पुसलेला रुमाल मांडीवर टाकला, मला तिच्या पिशवीतून घेऊन म्यानातून उपसले, आणि त्याच बोटांनी माझी काच मागेपुढे सरकवली. ओला, तपकिरी चिखल माझ्या रेघांत भरला. ओरडता आले असते तर मी ओरडले असते!

"हात चांगला आहे म्हणे तुझा," ते म्हणाले. "एका सिनेमागृहाच्या छपराचं काम माझ्याकडे आलंय. हिशेब करून दे. मग पत्राचं बघतो."

तो सारा उन्हाळा विद्युलतेने ते छप्पर उभे केले, कागदावर आणि माझ्या अंगावर. ते सिनेमागृह आज दिमाखात उभे आहे. दारातल्या दगडावर सेतुमाधवांचे नाव आहे.

काम संपल्यावर बापलेक पुन्हा डाळिंबे घेऊन त्यांच्या घरी गेले; तिने हिशेबाचे कागद आणि मला टेबलावर ठेवले, तेव्हा त्यांनी पत्र दिले. तिने ते तिथेच वाचले आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, यात लिहिलंय की मी शिबिराला हजर होते आणि निष्काळजीपणामुळे गुण गेले. आता सुधारले आहे."

"मग? शून्याला काहीतरी कारण द्यायला हवं ना?"

"कारण तुम्हीच आहात, सर. तुम्ही मला नेलं नाहीत."

झोपाळा थांबला. सेतुमाधवांनी डाळिंबाच्या बिया ताटलीत थुंकल्या. "तिसरा वर्ग आणि एवढी जीभ! दत्ताजी, पोरीला समजवा."

दत्ताजींच्या कपाळावर घाम आला. "घेऊन टाक, अम्मा," ते तिकडच्या लाडाच्या हाकेने लेकीला पुटपुटले. "एक कागदच की गे."

"अप्पा, मी मेहनत केली नाही असं सांगणारा कागद मीच अर्जाला कसा जोडू? मला किळस येते."

तिने पत्र टेबलावर ठेवले. दत्ताजींनी पुढे होऊन मला उचलले आणि खांद्यावरच्या अंगवस्त्राने पुसत ते म्हणाले, "चल. येथें बसवत नाही मलाही."

तिने शिफारशीशिवाय अर्ज केला. शिबिराचे खरे कारण स्वच्छ लिहिले. तिला मुलाखतीला बोलावले, पण समोर निवड मंडळात सेतुमाधवही होते. अध्यक्ष कॉफी पीत म्हणाले, "जुन्या कुरबुरी इथे नकोत. लग्न केव्हा करणार ते सांगा." सगळे हसले. मला वाटले, त्या तपकिरीपेक्षा हे हसू घाण आहे. तिला प्रवेश नाकारला.

विद्युलता रडली, मग कालव्यांच्या खात्यात नोकरीला लागली. कावेरीकाठी तंबूत राहून तिने सर्व्हे केला. शेजारच्या तंबूत मजूर बायका असत. सोय ही अशी होते, मित्रांनो. करायची म्हटली की होते. दोन वर्षांनी तिने उत्तरेतल्या एका संस्थेत अर्ज धाडला. तिथे शून्य लपवले नाही, कालव्यांचे कामही सांगितले. तिथल्या लोकांनी तिला नकाशे दाखवायला लावले, दुपारभर प्रश्न विचारले, आणि अट घातली: पहिल्या सहामाहीत नापास झालीस तर परत जायचे. ती परत आली ती एम. ई. होऊनच. दत्ताजी एग्मोर स्टेशनवर उभे होते. त्यांनी तिची ट्रंक हमालाला उचलू दिली नाही.

आता माझ्या काचेला तडा गेला आहे, आणि विद्युलतेच्या टेबलावर नवी पट्टी आली आहे. मला त्याचे दुःख नाही. एक विनंती मात्र आहे. माझ्यासारखी वस्तू उचलण्याआधी हात धुवा. आणि उद्या तुम्ही कुणाचे गुण बघायला खुर्चीवर बसाल, तेव्हा आकडा वाचून हसू नका. तो आकडा कुणी पाडला ते आधी विचारा, आणि उत्तर देणारी मुलगी समोर उभी असेल तर तिला बसायला खुर्ची द्या.