मुक्या गाडीतले आवाज

जुन्या डिझेल गाडीचे उपकार मला ती विकल्यावर कळले. तिच्या खडखडाटाखाली माझ्या नवऱ्याचे सगळे आवाज गाडलेले होते. विजेवरची नवी गाडी आली, मुकाट्यानं चालायला लागली आणि तुंबलेल्या मोरीतून घाण वर यावी तसे ते वर आले.

पुलाच्या अलीकडे रोज सकाळी चाळीस मिनिटं आम्ही इंचाइंचानं सरकतो. बॅटरी वाचावी म्हणून एसी बंद, धूर येतो म्हणून काचा बंद. आत मी, नवरा आणि त्यानं सोलून आणलेली दोन उकडलेली अंडी. अंडं तो अख्खं तोंडात कोंबतो. मग मचमच. मग दाढेत अडकलेला बलक जिभेनं उकरणं, चक्, चक्. मग घशातून काहीतरी वर ओढायचं आणि थुंकायची सोय नाही म्हणून परत गिळायचं. ते गिळलेलंसुद्धा मला ऐकू येतं.

त्यात माझं कामच कानांचं. दवाखान्यात मी लोकांना काचेच्या बंद खोलीत बसवते, हेडफोन लावते, बारीक शिट्ट्या सोडते. ऐकू आली की त्यांनी बटण दाबायचं.

आज मी ठरवलं होतं. सोमवारपासून मी बसनं जाणार, हे पूल संपायच्या आत सांगून टाकायचं. दिवसातला हा एवढाच वेळ आम्ही दोघं एका जागी बसतो, हे ठाऊक असूनही.

"अहो, तोंड मिटून खा की."

"मिटूनच खातोय."

"शेजारचा ट्रकवाला वळून बघतोय."

"त्याला अंडं हवं असेल."

रांग बदलून दहा मिनिटं झाली होती, तरी इंडिकेटर आपला टिकटिकतच होता.

"तो बंद करा आधी."

"चालू आहे होय?" त्यानं दांडी सारखी केली. "ह्या गाडीत त्याला आवाजच दिलेला नाही. बरंय, डोक्याला कटकट नाही."

आवाज दिलेला होता. पत्र्यावर नखानं टिचकी मारावी तसा, दहा मिनिटं.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "सोमवारपासून मी बसनं जाणार आहे."

मचमच.

"ऐकलंत का?"

त्यानं दुसरं अंडं तोंडात टाकलं आणि गाडी डावीकडे घेतली. तिकडून एक सायकलवाली घंटी वाजवत येत होती. मी स्टिअरिंग धरून ओढलं. तिचं हँडल आमच्या आरशाला घासून गेलं. तिनं काचेवर थाप मारून आमचा उद्धार केला, तो मात्र त्याला ऐकू गेला.

"घंटी तरी वाजवायची," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर बलकाचे कण होते.

तीनदा वाजवली होती तिनं.

मला किळस आली, ती ह्या खेपेला माझी. दिवसाला वीस लोकांचे कान तपासणारी बाई मी. आणि घरच्या माणसाला महिनाभर जनावरासारखे खाता म्हणून हिणवत होते. ज्याला स्वतःची मचमच ऐकूच येत नाही, तो ती कमी कशी करणार?

"गाडी कडेला घ्या. मी चालवते. आधी माझ्या दवाखान्यात."

"मला उशीर होईल."

"होऊ दे."

काचेच्या खोलीत तो ताठ बसला. मी हेडफोन लावला आणि यंत्राशी जाऊन मान खाली घातली. त्यानं बटण दाबलं. मी वर पाहिलं, त्यानं पुन्हा दाबलं. माझा चेहरा बघून बघून दाबत होता.

मी अजून एकही शिट्टी सोडली नव्हती.

आत जाऊन मी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग एकेक शिट्टी सोडत गेले, मोठी करत गेले. बटण हललं नाही. आतल्या माइकमधून माझ्या कानात फक्त एकच आवाज येत होता, चक्, चक्.

अजून बलकच शोधत होता. माइक बंद करायची कळ हाताशी होती. मी तो आवाज तसाच चालू ठेवला.

सोमवारपासून गाडी मी चालवणार. आणि अंडी घरी राहणार.