डाव्या दाराआडचं नाव

मी धाड गावची लाल मोटार बोलतेय. लाल म्हणायचं तेही जुन्या ओळखीवर, कारण उन्हानं रंग पार विटकरी झालाय. पण नाक अजून लांब आहे, हॉर्न खणखणीत आहे, आणि स्वभाव विचाराल तर जरा शिष्टच आहे. असणारच! दोन माणसांची, बिनटपाची, पळण्यासाठी बनवलेली मोटार मी. माझ्यासारखी दुसरी बुलढाणा जिल्ह्यात काय, कुठंच सापडायची नाही.

पण एकुलतं एक असण्यात एक दुखणं असतं. जो तो विचारतो, "ही कुठली?" माझ्या बाबतीत अठरा वर्षं या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं गेलं. माझ्या बापाचं नाव कुणी घेतलंच नाही. ते नाव कसं बाहेर आलं, तेवढं ऐकून जा.

मोठी लढाई संपली तेव्हा लष्करानं बरंच सामान मोडीत काढलं. त्यातून अर्जुनरावांनी एक चासी, एक इंजिन आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा ढीग धाडला आणला. अर्जुनराव म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्यांचे एकुलते चिरंजीव, वय चोवीस, अंगात नुसता उत्साह. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक विलायती डबा होता, आणि त्यावर शर्यतीच्या मोटारीचं चित्र. तो डबा त्यांनी कचरूपुढं ठेवला. कचरू गावचाच, पण लढाईच्या दिवसांत लष्करी कारखान्यात पत्रा ठोकायचं काम शिकून आलेला.

"अशी बनते काय बे, कचरू?"

कचरूनं डबा फिरवून फिरवून पाहिला. "एकाच अंगानं काढली मालक. तिकडची बाजू काऊन नाही काढली?"

"तिकडची तू काढ."

झालं! माझी उजवी बाजू त्या चित्रातली आहे आणि डावी कचरूच्या मनातली. चौदा महिने जिनिंगच्या शेडमध्ये त्यानं मला ठोकलं. लष्करात पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकायचे. इथं त्यानं सरकी ठासून भरलेलं पोतं घेतलं. सरकी दबते पण रुतू देत नाही, म्हणून माझी वळणं इतकी मऊ आली. गादीत भरला घरचाच कापूस, तोही सरकीसकट, कारण अर्जुनरावांना दम नव्हता. नाकावरची जाळी जुन्या यंत्राच्या चाळणीची. डिकीचं झाकण मात्र तीनदा चुकलं, आणि तिन्ही वेळा कचरूनं मला अशा शिव्या घातल्या की इथं सांगायची सोय नाही.

मी पुरी झाले त्याच महिन्यात कचरूच्या घरी मुलगी झाली, पंचफुला. आपल्याकडे बारशाला, लग्नाला भांडं द्यायचं म्हटलं की त्यावर नाव घालतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी, कुणी कुणाला कशानिमित्त दिलं ते. बाजारातला भांडेवाला ते कसं करतो हे कचरूनं बघून ठेवलं होतं. पण लेकीच्या बारशाला त्याच्या घरी एक नवी वाटीसुद्धा नव्हती. त्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये एकटा आला. माझ्या डाव्या दाराच्या आतल्या पत्र्यावर त्यानं खिळ्यानं टिक टिक करून चार ओळी घातल्या, वर रेक्झीन ठोकलं आणि बायकोला, तानाबाईला, तेवढं हळूच सांगितलं. गुदगुल्या झाल्या हो मला! पण मी कुणाला सांगणार?

पुढच्याच महिन्यात अर्जुनराव मला घेऊन डोणगावला मुलगी पाहायला गेले. मुलीचे वडील रंगराव कापसाचे मोठे शेतकरी. ते माझ्या गादीवर बसले, चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "कुठली हो गाडी?"

अर्जुनरावांच्या तोंडून निघून गेलं, "विलायतेहून आणली."

लग्न जमलं. नवरी अन्नपूर्णाबाई माझ्यातच बसून धाडला आल्या. रस्त्यात लोक उभे राहून बघत होते, आणि बाई पदराआडून खुदुखुदु हसत होत्या. दुसऱ्या दिवशी अर्जुनराव कचरूपाशी आले आणि मान खाली घालून म्हणाले, "कचरू, मी तिकडे बोलून बसलो रे. तू काही बोलू नको."

"माह्यं काय जाते, मालक? नाही बोलत," कचरू म्हणाला.

त्याचं काय गेलं, ते मला माहीत आहे. गावात पाहुणा आला की मला दाखवायला आणायचे, विलायतेच्या कारागिरीचं कौतुक व्हायचं, आणि कचरू बाजूला फडकं घेऊन उभा. मला रडू यायचं. लोक म्हणायचे, रेडिएटर गळतंय.

वर्षं गेली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर कचरूनं 'मालक' म्हणणं सोडलं, तो 'अर्जुनराव' म्हणू लागला. अर्जुनरावांनीही मग 'कचरूभाऊ' म्हणायला सुरुवात केली, हे मात्र मला आवडलं. महाराष्ट्र झाला, एसटीच्या फेऱ्या वाढल्या, अर्जुनरावांची कंबर धरली आणि मी ताडपत्रीखाली गेले. दर रविवारी कचरू यायचा, मला पुसायचा, इंजिन फिरवून जायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि राज्य होऊन सहा वर्षं झाली तेव्हा मुंबईचे एक साहेब आले. जुन्या मोटारींचे शौकीन. कुणीतरी माझा फोटो त्यांना पाठवला होता. त्यांच्या बगलेत एक जाडजूड वही होती. ती त्यांनी उघडली आणि माझ्या उजव्या बाजूला उभे राहून ओरडलेच.

"हीच! हीच ती! इटलीत एकच बनली होती, लढाईत हरवली. हा बघा फोटो!"

फोटो अगदी बिस्किटाच्या डब्यावरच्यासारखा, एकाच अंगानं काढलेला. साहेबांनी माझ्या मडगार्डवर हात फिरवला. "काय हात आहे बनवणाऱ्याचा! आपल्या देशात असं काम होत नाही. अर्जुनराव, हिला मुंबईला नेऊ द्या. मी पाटी लावून ठेवीन, कुठं बनली, कुणी बनवली, सगळं."

मला चालू करून दाखवायला कचरूला बोलावलं होतं. बरोबर पंचफुला आली होती. अठरा वर्षांची, बुलढाण्याला कॉलेजात शिकणारी. कचरूनं एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते पुन्हा फडक्यात खुपसले. माझा तर जीवच गोळा झाला. एकदा ती पाटी लागली की संपलं! मग माझा बाप जन्मभर इटलीचा.

"कारखान्याचा नंबर दाराआड असतो," म्हणत साहेबांनी डाव्या दाराचं रेक्झीन उचकटलं.

"सायब, ते राहू द्या ना!" कचरू पुढं झाला. पण रेक्झीन निघालं होतं. साहेब डोळे बारीक करून बघत राहिले. "ठिपके आहेत नुसते. कारखान्याची गुप्त खूण असावी."

तेवढ्यात चहा घेऊन अन्नपूर्णाबाई आल्या. पाहुण्यासाठी पुरणाचा घाट घातला होता, हातांना कोरडं पीठ लागलेलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "कायची खूण न् काय! भांड्यावरचं नाव आहे हे. असं समोरून नाही वाचता येत." त्यांनी माझं दार अर्धं ओढून उन्हात तिरपं धरलं, हाताचं पीठ ठिपक्यांवर चोळलं आणि पदरानं पुसलं. पांढरी अक्षरं उमटली. हंड्यापासून वाटीपर्यंत घरातली सगळी नावं वाचणारी बाई ती, एका दमात वाचून मोकळी झाली:

"चि. पंचफुला हिचे बारशानिमित्त सप्रेम भेट. घडवणार व देणार, वडील कचरू. धाड, सन १९४८."

पंचफुला बापाकडे बघायला लागली. साहेब खाकरले. "हे नंतर कुणीतरी घातलं असेल. होतं असं."

बघा, अर्जुनरावांना केवढी सोपी वाट मिळाली होती! नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग कचरूकडे.

"नाही," ते म्हणाले. "यानंच बनवली. चौदा महिने, सरकीच्या पोत्यावर ठोकून. विलायतेची म्हणून मी खोटं बोललो, आणि याले गप्प बसवलं. कचरूभाऊ, चुकलो मी."

"जाऊ द्या हो अर्जुनराव," कचरू म्हणाला, आणि लेकरासारखा रडायला लागला. मीही रडले असते, पण रेडिएटर कोरडं होतं.

अन्नपूर्णाबाई कमरेवर हात देऊन नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "म्हंजे अठरा वर्षं मी माहेरी खोटी मिरवली? वा रे वा!" आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते काही थांबेना. हसू आवरल्यावर मात्र त्यांनी फर्मावलं, "मांडव उतरला की आपण मागून आणलेली भांडी नावं वाचून ज्याची त्याले पोचवतो ना? मंग हे भांडं आपल्या घरी काऊन राह्यलं? पोचवा पोरीच्या घरी. आजच!"

"काकू, एवढं मोठं भांडं ठेवू कुठं?" पंचफुला म्हणाली.

"ते तू पाह्य."

मी त्याच संध्याकाळी कचरूच्या अंगणात गेले. तानाबाईनं मला ओवाळलं. साहेब रिकाम्या हातानं गेले खरे, पण माणूस दिलदार. महिनाभरानं त्यांच्या वहीतल्या नव्या पानाची नक्कल आली. त्यावर माझ्या डाव्या बाजूचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'घडवणार, कचरू, धाड. अशी दुसरी नाही.' कचरू ते पान लेकीकडून दर आठवड्याला वाचून घेतो. त्याला स्वतःला वाचता येतं, बरं का!

दिवाळीत पंचफुलानं मला डोणगावला नेलं, शेजारी अन्नपूर्णाबाई. म्हाताऱ्या रंगरावांपुढं बाईंनी सगळं खरं सांगून टाकलं. रंगराव मिशीत हसले.

"मले तवाच माहीत होतं. विलायतेच्या गादीत वऱ्हाडची सरकी असते काय? बसल्या-बसल्या टोचली ना! म्या पोरगी गाडी पाहून नव्हती देल्ली."

म्हणजे त्या खोट्याची कुणालाच गरज नव्हती, आणि अठरा वर्षं ते माझ्या बापानं सोसलं! मला हसावं की हॉर्न वाजवावा कळेना. मी हॉर्न वाजवला.

आता मी सुखात आहे. धाडला आलात तर कचरूच्या अंगणात या. ही कुठली, म्हणून कुणाला विचारत बसू नका. माझं डावं दार अर्धं उघडा, उन्हात तिरपं धरा, आणि माझ्या बापाचं नाव मोठ्यानं वाचा.